मारवा, दरबारी आणि घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने गाण्यावर लिहावे, हे वाचकांना थोडे आगाऊपणाचे वाटेल. पण निमित्त हिशेबाचेच घडले. माझे आजोळ इंदूरचे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तेथे गेले, तेव्हा मामा जुने घर सोडून फ्लॅटमध्ये जाण्याच्या तयारीत होते. आजोबांच्या तबकड्यांना नव्या घरात जागा नव्हती. "तू कॉमर्सची ना? मग यादी कर आणि किमती लाव," असे म्हणून मामांनी कपाटाची किल्ली माझ्या हाती दिली. यादी करता करता एक तबकडी हाती आली आणि काम तेथेच थांबले. उस्ताद अमीर खाँ यांची ती लाँगप्ले एच.एम.व्ही.ने १९६० साली काढलेली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. तिचा जो थोडाफार अभ्यास झाला, तो येथे मांडते.

प्रथम गायकाविषयी. अमीर खाँ यांचा जन्म १९१२ सालचा. वडील शाहमीर खाँ भेंडीबाजार घराण्याचे सारंगीवादक. ते होळकर दरबारी चाकरीस असल्याने मुलगा इंदुरात वाढला. धाकटे बंधू बशीर खाँ पुढे इंदूर आकाशवाणीवर सारंगी वाजवीत. घरच्या तालमीखेरीज अमीर खाँसाहेबांनी तिघांचे गाणे विशेष कान देऊन ऐकले: किराण्याचे अब्दुल वहीद खाँ, देवासचे रजब अली खाँ आणि भेंडीबाजारचे अमान अली खाँ. पहिल्यांची संथ बढत, दुसऱ्यांची तान आणि तिसऱ्यांची सरगम यांतून त्यांनी स्वतःची गायकी घडवली. तिलाच पुढे इंदूर घराणे हे नाव मिळाले. 'बैजू बावरा' (१९५२) या चित्रपटात द. वि. पलुसकरांबरोबर ते गायले, त्यामुळे त्यांचा आवाज घरोघर पोहोचला. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

आता थोडे गणित. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. लाँगप्ले १९४८ साली अमेरिकेत निघाली. तिचे फेरे मिनिटाला ३३⅓ आणि खाचा अधिक बारीक, त्यामुळे एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. खाँसाहेबांचा बडा ख्याल बहुधा झुमऱ्यात असतो. हा ताल चौदा मात्रांचा, आणि त्यांच्या अतिविलंबित लयीत एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट घेते. म्हणजे जुन्या तबकडीवर तीन-चार आवर्तनांतच गाणे आटोपावे लागले असते. उमेदीच्या काळात त्यांच्याही ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या; पण ही सावकाश चाल त्यांत मावणे शक्यच नव्हते. तिला लाँगप्लेचीच वाट पाहावी लागली.

दुसरे गणित मेरुखंडाचे. ठरावीक स्वर किती निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतील, याचा हा हिशेब. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात तो सांगितला आहे. आपण बारावीला शिकलेलेच हे क्रमपर्याय: तीन स्वरांचे ६, चारांचे २४, पाचांचे १२०, सातांचे ५०४०. शाहमीर खाँनी मुलाकडून हे लहानपणीच घोटून घेतले होते. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणजे स्वर सहा आणि क्रम ७२०. पण सगळे क्रम म्हणून दाखवणे म्हणजे पाढे म्हणणे झाले. रागाचे नियम त्यांतले कित्येक आधीच बाद करतात, आणि उरलेल्यांतून निवड करण्यात गायकाचा कस लागतो. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर भर असतो व षड्ज हात राखून लावतात. घर समोर दिसते आहे, पण आत पाऊल पडत नाही, अशी ही सायंकाळची स्थिती. षड्जासाठी कान आसुसतो आणि तो लागला की जीव भांड्यात पडतो. ही ओढ तीन मिनिटांत निर्माण होणार नाही.

एक कबुली देते. हेच ध्वनिमुद्रण मी पूर्वी मोबाईलवर लावले होते आणि "काही घडतच नाही" म्हणून दोन मिनिटांत बंद केले होते. तबकडीला पुढे ढकलणे सोपे नसते. मामांसमोर उठून जाणेही बरे दिसेना. म्हणून बसले, आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनाला गाणे कळू लागले. निदान तसे वाटले. तबला साधा ठेका धरून चालला होता. कोणालाच घाई नव्हती.

हिशेबशास्त्रात आपण घसारा शिकतो: वापराने मालमत्तेची किंमत दरवर्षी कमी होते. तबकडीला तर तो शब्दशः लागू आहे. दर खेपेस सुईने खाच किंचित झिजते. दरबारीच्या बाजूला एके ठिकाणी आमची सुई अडकते, ती आजोबांनी तेवढ्या वेळा ऐकले म्हणून. बाजारभावाने तिचे फारसे कोणी देणार नाही, आणि गाणे तर फोनवर आहेच. मग राखायचे काय? मला वाटते, वीस मिनिटे एका जागी बसण्याची सवय. तिलाही घसारा लागतो, फरक इतकाच की तो न वापरल्याने लागतो.

यादीतल्या बाकीच्या तबकड्या विकल्या गेल्या. ही आणि आजोबांचे यंत्र मामांनी मला दिले. आमचे अप्पा धारवाडकडचे, किराण्याखेरीज दुसरे न ऐकणारे. मारवा संपल्यावर ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी स्वतःच तबकडी उलटली. विद्यार्थी मित्रांपैकी कोणाला ऐकायची असेल, तर आमच्या घरी अवश्य यावे. अट एकच: बाजू संपेपर्यंत उठायचे नाही.