कोश जरा उशिरा उघड

श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर
१२ जानेवारी २०२५

चि. सायलीस,

तुझं पत्र परवा पोचलं. बी.ए.ला लीळाचरित्र लागलं हे वाचून आनंद झाला आणि पुढचं वाचून काळजी वाटली. तासाभरात दीड पान, त्यासाठी मोबाइलवर बावीस शब्द शोधले, त्यातले निम्मे सापडलेच नाहीत. शेवटी विचारलं आहेस, ‘मामा, ही आपलीच भाषा आहे का?’

आहे. लीळाचरित्र लिहिणारे म्हाइंभट सराळ्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. तेराव्या शतकातल्या माणसांचं बोलणं, चालणं, जेवणखाण त्यांनी साध्या गद्यात लिहून ठेवलं. तुझी अडचण भाषेची कमी आणि वाचायच्या पद्धतीची जास्त आहे. शब्द अडला की तू पुस्तकातून उठून बाहेर जातेस. परत येतेस तोवर गोष्ट निवलेली असते.

आता मला सांग, ‘खोडवा’ हा शब्द तुला कुणी शिकवला? आठवायचं नाही, कारण शिकवलाच नाही कुणी. तू पाच-सहा वर्षांची असशील. ऊस तुटून गेला, गाड्या गेल्या, रानात बुडखे राहिले. अण्णा बांधावर उभं राहून शेजाऱ्याला विचारत होते, खोडवा राखायचा की मोडायचा? मग बुडखे छाटले, पाचट सरीत दाबलं, पाणी दिलं आणि त्याच बुडख्यांतून कोंब वर आले. तू ते पाहिलंस. पुढच्या साली तूच मला सांगत होतीस, ‘मामा, हा खोडवा आहे, लागण नाही.’ शब्दातलं ‘खोड’ तुला दिसत होतं, समोरचं रान दिसत होतं, बोलणाऱ्यांचा रोख कळत होता. ‘आडसाली’ही अशीच आली. जुलै-ऑगस्टात लावलेला ऊस पुढचं अख्खं साल उभा राहतो हे पाहिल्यावर त्यातलं ‘साल’ वेगळं काढून दाखवावं लागत नाही. पुण्यातल्या तुझ्या मैत्रिणीला हेच दोन शब्द कोशात बघावे लागतील, आणि बघूनही अर्धेच कळतील.

पुस्तकातही तेच करायचं. तिथं रान नसतं, मागचीपुढची वाक्यं असतात.

तू ‘आरोगणा’पाशी थांबलीस. आरोग्याशी काही संबंध असेल म्हणून औषधपाण्याचा प्रसंग समजून बसलीस. थांबली नसतीस तर दहा ओळींत उलगडा झाला असता. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींचा दिवस एका क्रमाने जातो आणि तो क्रम पुन्हापुन्हा येतो. पूजा होते. त्यांच्या शिष्या बाइसा ताट करतात. मग आरोगणा. मग गुळळा, मग विडा, मग पहुड. यातला विडा तुला ओळखीचा आहे. विडा कधी खातात? ताट कशाला करतात? दोन्हींच्या मधे जे होतं ते जेवणच असणार, मोठ्या माणसाचं म्हणून मानाच्या शब्दातलं. जेवण झालं, विडा अजून खायचा आहे, तर ‘गुळळा’ म्हणजे चूळ. तोंडाने म्हणून बघ, आवाजच ऐकू येतो. आणि विड्यानंतर पहुड म्हणजे काय, हे आपल्या घरात दुपारी कुणालाही विचार. ‘जरा पहुडतो’ असं अण्णा अजून म्हणतात. एक विडा ओळखीचा निघाला आणि त्याने तीन शब्द सोडवले. म्हणून अनोळखी शब्दाकडे टक लावून बसू नकोस. त्याच्या शेजारी ओळखीचं कोण आहे ते आधी बघ.

काही शब्द नुसते जिभेवर घोळवले तरी ओळख देतात. ‘बिढार’ दोनदा मोठ्याने म्हण. आपलं ‘बिऱ्हाड’ त्यात ऐकू येईल. काही जोडीने येतात. ‘निकें’ आणि ‘वोखटें’ समोरासमोर ठेवलेले असले की एक चांगलं आणि दुसरं वाईट एवढं कळतं. कोणतं कोणतं, ते पुढचं वाक्य सांगतं.

सगळ्यांत सांभाळायचं ते ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दांपासून. अनोळखी शब्द निदान थांबवतो, हे गुपचूप चकवतात. लीळाचरित्रातला ‘गोसावी’ आपल्या दारात झोळी घेऊन येणारा गोसावी नव्हे. तिथं तो शब्द खुद्द चक्रधरस्वामींसाठी आहे. ‘पढियंता’ वाचून तू पढण्याकडे वळशील, पण त्याचा अर्थ आवडता, लाडका. ज्ञानेश्वरीत ‘कीर’ दिसला की पोपट शोधत बसू नकोस. बहुतेक ठिकाणी तो ‘खरोखर’ म्हणत असतो. वाक्यात अर्थ नीट बसत नाही, काहीतरी टोचतं, असं वाटलं की समजावं, ओळखीच्या शब्दानेच फसवलं आहे. ते टोचणं दाबून पुढे जायचं नाही.

मी ते दाबलं होतं, म्हणून सांगतो. चौथीत असताना आईबरोबर नेवाशाला गेलो. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली, तिथला खांब पाहिला. आई म्हणाली, हा पैसाचा खांब. लोक त्याच्यापुढे नाणी ठेवत होते. पैसा वाहतात म्हणून पैसाचा, असं मी मनाशी पक्कं केलं. ‘पैशाचा’ का म्हणत नाहीत, हे तेव्हाही खटकलं होतं. पण डोळ्यांसमोर नाणी होती, म्हणून खटकणं सोडून दिलं. अंदाज कुणाला बोलून दाखवला नाही आणि दुसऱ्या कुठल्या वाक्यात घालूनही पाहिला नाही. तो वीस वर्षं तसाच राहिला. पुढे शिक्षक झाल्यावर ज्ञानेश्वरी लावून वाचू लागलो, तेव्हा ‘पैस’ भेटला आणि नाण्यांचा अर्थ तिथं कुठेच बसेना. विस्तार, मोकळी जागा, असा अर्थ घातला की ओवी सरळ होई. मग ध्यानात आलं की आपण रोज ‘ऐसपैस बसा’ म्हणतो. शब्द घरातच होता. दुर्गा भागवतांनी त्याच खांबावर लेख लिहिला, ‘पैस’ हेच संग्रहाचं नाव ठेवलं. १९७० साली निघालेल्या त्या पुस्तकाला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तक मी तुला पाठवतो आहे.

तेव्हापासून मी एका जागेवरून बांधलेल्या अर्थावर विसंबत नाही. पहिल्यांदा भेटला की पेन्सिलीने समासात अंदाज लिहायचा. दुसऱ्यांदा भेटला की तोच अर्थ तिथं घालून वाक्य मोठ्याने वाचायचं. तिसऱ्या जागीही टिकला, तर कोश उघडायचा. उघडायचाच, अंदाजावर समाधान मानून कोश टाळणं हा आळस आहे. तुमच्या ग्रंथालयात दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश असेल, आणि जुन्या मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ साली निघालेला कोश माग. मोबाइलवर निम्मे शब्द सापडले नाहीत म्हणतेस ना? ते तिथं सापडतील. आणि तिथं गेल्यावर हे लक्षात घे की तेराव्या शतकातला बोलणारा माणूस विचारायला कुणाला मिळणार नव्हता. कोशकारांनीही शब्द जिथं जिथं आला ती वाक्यं शेजारी-शेजारी मांडून अर्थ लावला. तू समासात जे करशील तेच त्यांनी जन्मभर केलं.

हे जमेपर्यंत रोज थोडं सोपं वाच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घे. त्यात आपली राहुरीही आहे. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या आणि वाक्य कसं चालवावं हे त्यांच्याइतकं थोड्यांना साधलं. ‘सोवळं’ म्हणजे काय हे आजच्या पोरांना व्याख्येने कळत नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या घरी बाहेरून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, ती पानं वाचली की त्या शब्दाचं ओझंसुद्धा कळतं.

तेव्हा आता लीळाचरित्र पहिल्या पानापासून पुन्हा घे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. एक अख्खी लीळा न थांबता वाच, मग परत मागे ये.

एक शब्द मी मुद्दाम सांगितलेला नाही. पहुड झाला की पुढे ‘उपहुड’ येतो. त्याचा अर्थ लावून, कशावरून लावला तेही पुढच्या पत्रात लिही. कोश न बघता.

तुझा,
मामा