भिंतीआडची तार

पाठप्रवेश

घरात नवे उपकरण आले की पहिला प्रश्न जागेचा असतो : ते ठेवायचे कोठे? त्याला लागणारी वीज ज्या तारेतून यावयाची, त्या तारेला ती पेलेल का, हा दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. सॉकेट रिकामे असेल तर त्यात पिन खोचली जाते. रिकामे नसेल तर बाजारातून मल्टिप्लग येतो. भोके वाढली की वीज घेण्याची क्षमताही वाढली, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कोठे चुकतो, ते या पाठात कोलकाता शहरातील घरांच्या आधारे पाहावयाचे आहे. पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस एखाद्या बोर्डावरील भार मोजता येईल, अतिभाराच्या खुणा ओळखता येतील आणि कोणती दुरुस्ती स्वतः करावी व कोणती करू नये, हे ठरविता येईल.

मूळ पाठ

भारतात विजेशी फार जुना परिचय असलेल्या शहरांपैकी कोलकाता हे एक. २४ जुलै १८७९ रोजी तेथे विजेच्या दिव्याचे प्रात्यक्षिक झाले. १८९७ साली शहराला वीज पुरविण्याचा परवाना देण्यात आला आणि १७ एप्रिल १८९९ रोजी प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग लेनमध्ये पहिले वीजनिर्मिती केंद्र सुरू झाले. ‘कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशन’ हे कंपनीचे नाव पुढे ‘सीईएससी’ असे आटोपशीर झाले. आरंभीच्या काळात घरातील वीज म्हणजे दिवा आणि पंखा. दोरी ओढून पंखा हलविणाऱ्या माणसाची जागा विजेच्या पंख्याने घेतली, हाच त्या काळातील मोठा बदल होता. साहजिकच जुन्या वाड्यांतून लाकडी पट्ट्यांवर ज्या तारा ठोकल्या गेल्या, त्या दिव्यापंख्याच्या हिशेबाने. पुढे अनेक घरांतील तारा बदलल्या गेल्या. पण बदलताना हिशेब बदलला गेलाच, असे म्हणता येत नाही.

कॉलेज स्ट्रीट आणि अ‍ॅमहर्स्ट स्ट्रीटच्या परिसरातील ‘मेसबाडी’ हा कोलकात्याचा एक खास प्रकार आहे. बाहेरगावचे विद्यार्थी, कारकून, छापखान्यांत काम करणारे लोक अशा मेसमध्ये खाटा भाड्याने घेऊन राहत आले आहेत. उदाहरणादाखल अशा एका खोलीची कल्पना करू. चार खाटा, एक पंखा, एक दिवा आणि दाराशेजारी एक बोर्ड. बोर्डावर ६ अँपिअरचे एकच सॉकेट. त्यात एक मल्टिप्लग आणि मल्टिप्लगला जोडलेला एक एक्स्टेंशन बोर्ड. सकाळी आठ वाजता एक जण चहासाठी किटली लावतो, दुसरा सदऱ्याला इस्त्री करतो आणि चौघांचेही मोबाइल चार्ज होत असतात.

आता हिशेब करू. प्रत्येक उपकरणाच्या तळाशी किंवा पाठीमागे त्याची शक्ती वॅटमध्ये छापलेली असते. किटली १५०० वॅट, इस्त्री १००० वॅट आणि चार चार्जर प्रत्येकी सुमारे १५ वॅट, म्हणजे ६० वॅट. एकूण २५६० वॅट. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. येथे उत्तर येते ११ पूर्णांक १. जे सॉकेट ६ अँपिअरसाठी घडविलेले आहे, त्यातून ११ अँपिअर प्रवाह वाहतो आहे. त्या सॉकेटची मर्यादा ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट; एकटी किटलीच ती ओलांडते. चार चार्जर असले काय आणि नसले काय, त्यांनी फारसा फरक पडत नाही. अतिभार भोकांच्या संख्येवरून नव्हे, तर उष्णता निर्माण करणाऱ्या उपकरणांवरून ओळखावा. किटली, इस्त्री, गीझर, पाण्यात सोडावयाची सळई, इंडक्शन शेगडी ही त्यांतील ठळक नावे.

हा झाला सॉकेटचा हिशेब. त्यामागील तारेचा याहून कडक आहे. घरातील वायरिंगविषयीच्या भारतीय मानक ७३२ च्या १९८९ च्या आवृत्तीत दिवे, पंखे व लहान सॉकेट यांच्या एका उपमंडलावर दहापेक्षा अधिक बिंदू नसावेत आणि एकूण भार ८०० वॅटच्या आत असावा, अशी शिफारस आहे. म्हणजे मेसमधील तो बोर्ड मुळातच दिवा, पंखा, रेडिओ यांच्यासाठी होता.

मर्यादा ओलांडली तर नेमके काय होते? तारेतून प्रवाह वाहताना तार तापते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स जूल यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. ६ ऐवजी ११ अँपिअर घेतले की तीच तार तिपटीहून अधिक तापते. ही उष्णता भिंतीच्या आत, नळीच्या आत कोंडलेली राहते. तारेवरचे रबर किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन वर्षानुवर्षे असे भाजत राहिले की कडक होते, त्याला तडे जातात आणि एखाद्या दिवशी दोन तारा एकमेकींना टेकतात. त्या दिवशी लोक म्हणतात, ‘अचानक शॉर्ट सर्किट झाले.’ त्यात अचानक असे फारच थोडे असते.

तारेहूनही नाजूक जागा म्हणजे सॉकेटमधील पितळी पात्या. पिन घालून-काढून त्या सैल होतात आणि पिनेशी त्यांचा संपर्क पुरता राहत नाही. अशा सैल सांध्याचा रोध केवळ अर्धा ओहम धरला आणि त्यातून १० अँपिअर वाहिले, तरी तेथे ५० वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख देण्याची इस्त्री बहुधा २५ वॅटची असते. तशा दोन इस्त्र्या तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत पेटत्या ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे.

*पाठगत प्रश्न : २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्ट दाबावर किती अँपिअर प्रवाह घेईल? ती ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवावी काय?*

अतिभाराच्या खुणा घरातच दिसतात. त्यांच्याकडे पाहण्याची सवय मात्र हवी. उपकरण अर्धा तास चालल्यानंतर बोर्डाच्या झाकणीला हाताची मागची बाजू लावून पाहावी; झाकणी गरम लागता कामा नये. सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट-तपकिरी डाग, पिनेवर काळसरपणा, इस्त्री लावताच दिवा मंद होणे, बोर्डातून करकर आवाज येणे, एमसीबी वारंवार पडणे, या सगळ्या सूचनाच आहेत. वासाची खूण तर विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. तापलेल्या प्लॅस्टिकच्या काही प्रकारांना मासळीसारखा वास येतो. कोलकात्याच्या घरात हा वास स्वयंपाकघराच्या खात्यावर जमा होण्याचा संभव मोठा. तेव्हा चुलीवर मासे नसतानाही तसा वास आला, तर आधी बोर्ड पाहावा.

‘पण फ्यूज आहे ना?’ असे येथे कोणी विचारील. फ्यूज ही मुद्दाम ठेवलेली सर्वांत दुबळी जागा आहे. भार वाढला की भिंतीतील तार जळण्यापूर्वी फ्यूजची तार वितळावी, हे तिचे काम. ती सारखी उडते म्हणून चिनी मातीच्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळण्याची युक्ती घरोघर चालत आली आहे. त्या क्षणापासून सर्वांत दुबळी जागा भिंतीच्या आत जाते. ६ चा एमसीबी काढून १६ चा बसविणे ही त्याच युक्तीची नवी आवृत्ती होय. मेसमधील त्या खोलीला १६ चा एमसीबी असेल, तर तो ११ अँपिअरकडे ढुंकूनही पाहणार नाही. सॉकेट आणि एक्स्टेंशनची बारीक तार खुशाल भाजत राहील. शिवाय सैल सांध्याची उष्णता साध्या एमसीबीला कळतच नाही.

दुरुस्तीचा पहिला भाग बिनखर्चाचा आहे. किटली आणि इस्त्री एकाच वेळी लावू नयेत. मल्टिप्लगवर मल्टिप्लग चढवू नये. एक्स्टेंशनची तार गुंडाळी करून किंवा गादीखाली दडपून वापरू नये, कारण तिची उष्णता बाहेर पडत नाही. डागाळलेले सॉकेट त्या दिवसापासून बंद ठेवावे. मोठी उपकरणे भिंतीवरील १६ अँपिअरच्या सॉकेटवरच, थेट लावावीत.

असे सॉकेट घरात नसेल तर? येथे एक घातक पळवाट आहे. ६ ची झाकणी काढून तेथे १६ ची बसविली जाते आणि आतली बारीक तार तशीच राहते. हा उपाय नव्हे. ही धोक्यावर घातलेली नवी झाकणी आहे. खरी दुरुस्ती म्हणजे मुख्य वितरण पेटीपासून तांब्याची २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढणे, तिला तिच्या मापाचा एमसीबी देणे आणि अर्थिंग जोडणे. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविला तर विजेच्या धक्क्यापासूनही संरक्षण मिळते. हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे. एकूण भार मंजूर भारापेक्षा वाढत असेल, तर वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा लागतो. कोलकात्याच्या बहुतेक भागात हा अर्ज सीईएससीकडे करावा लागतो. सॉल्ट लेकमध्ये राज्याच्या वीज वितरण कंपनीकडे.

भाडेकरूचा प्रश्न याहून अवघड आहे. मेसमधील विद्यार्थ्याला भिंत फोडण्याचा अधिकार नाही. मालकाला खर्च नको असतो. आणि धोका मात्र दोघांच्या मधल्या भिंतीत असतो. २३ मार्च २०१० रोजी पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीला आग लागून ४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या आगीचे मूळ उद्वाहनाच्या विजेतील बिघाडात असल्याचे सांगण्यात आले. तेथील कारण सॉकेटचे नव्हते. परंतु जुन्या, अनेकांच्या वापरातील इमारतीत एका ठिकाणचा बिघाड एका खोलीपुरता राहत नाही, हे त्या दिवशी शहराने पाहिले. म्हणून भाडेकरूने डागाळलेल्या सॉकेटची तक्रार तोंडी न करता तारीख घालून लेखी करावी आणि तिची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. उत्तर येईपर्यंत चहा गॅसवर करावा.

बोर्डातून धूर निघू लागला, तर प्रथम मुख्य स्विच बंद करावा. पाणी मारू नये. कोरडी वाळू किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरावे. आग आटोक्यात येत नसेल तर सर्वांनी बाहेर पडून अग्निशामक दलाला १०१ वर कळवावे.

उपक्रम

आपल्या घरातील एका बोर्डावर चालणाऱ्या सर्व उपकरणांचे वॅट वहीत लिहून घ्या. त्यांपैकी कोणती उपकरणे एकाच वेळी चालतात ते घरातील माणसांना विचारा, त्यांच्या बेरजेला २३० ने भागा आणि येणारे उत्तर सॉकेटवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. उत्तर मोठे आले, तर घरमालकास अथवा सोसायटीच्या चिटणीसांस उद्देशून दहा ओळींचे विनंतीपत्र लिहा.