चावीच्या घड्याळाला लाखाचा भाव का?

प्रश्न : पाचशे रुपयांचं सेलचं घड्याळ वर्षानुवर्षं बरोबर वेळ दाखवतं. तरी काही शौकीन चावीच्या, दिसायला अगदी साध्या घड्याळासाठी लाखो रुपये मोजतात. ते वेळ जास्त अचूक दाखवतं का? आजोबांचं एचएमटी ‘जनता’ आमच्या पेटीत आहे. त्यालाही असा भाव येईल का?
– एक वाचक, नारायणगाव

उत्तर : आधी अचूकतेचं पाहू. महाग घड्याळ जास्त बरोबर चालतं, हा समज चुकीचा आहे. सेलच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. चावीच्या घड्याळातलं झुलतं चाक सेकंदाला जेमतेम पाच ते आठ ठोके देतं आणि थंडी-ऊन, हाताचे हिसके यांनी त्याची चाल बदलते. म्हणून सेलचं घड्याळ महिन्यात जेवढं चुकतं, तेवढं चावीचं घड्याळ दोन-चार दिवसांतच चुकू शकतं. स्वित्झर्लंडमधल्या क्रोनोमीटर चाचणीतही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. सेलच्या घड्याळाहूनही काटेकोर वेळ हवी, तर ती तुमच्या शेजारी खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अणुघड्याळात!

मग पैसे कशाचे? १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सायकोने क्वार्ट्‌झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं. पुढच्या दीड दशकात अचूक वेळ स्वस्त झाली आणि कित्येक स्विस कारखाने बंद पडले. जे तगले, त्यांनी ओळखलं की आता गिऱ्हाईक वेळेसाठी येणार नाही, कारागिरीसाठी येईल.

ही कारागिरी आत असते. चावी दिली की कमान गुंडाळते. ती उलगडताना दात्यांची चाकं फिरवते. एक बारीक खटका त्या चाकांना झुलत्या चाकाच्या दर ठोक्याला थोडं थोडं पुढे सोडतो आणि त्या चालीने काटे सरकतात. ना सेल, ना सर्किट. उंची घड्याळात हे भाग हाताने घासून, कडा उजळून बसवतात, मग ते झाकणाआड का असेनात. बाहेरचं रूप मात्र साधं. १९३२ साली आलेलं पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं ‘कॅलाट्राव्हा’ पाहा : गोल, पातळ, तबकडीवर नक्षी नाही. नक्षी नसली की काट्यांची लांबी, अंकांची जागा यांतली चूक लपत नाही. शौकीन नेमकं तेच निरखतो. त्यात मोजकेच नग आणि नावाचा दबदबा यांची भर पडली की भाव चढतो. दारात ट्रॅक्टर असताना बैलगाडा शर्यतीच्या घाटात पळणाऱ्या बैलाला लाखो रुपये देणाऱ्या जुन्नर-आंबेगावकरांना हे वेगळं समजवायला नको.

तबकडीवरच्या ‘१७ ज्वेल्स’नेही अनेकांची फसगत होते. ते कारखान्यात बनवलेले कृत्रिम माणिक असतात. झीज कमी व्हावी म्हणून चाकांच्या आसांखाली बसवलेले. विकायला गेलात तर मोल नगण्य.

आता तुमचं ‘जनता’. सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. लग्नात जावयाला, नोकरी लागलेल्या मुलाला ही घड्याळं दिली जात. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला आणि शौकिनांचं लक्ष जुन्या नगांकडे वळलं. तरी ‘जनता’ अमाप बनली होती, त्यामुळे लाखाची आशा नको. मूळ स्थितीतल्या चांगल्या नगाला फार तर काही हजार मिळतात. बाजारात नवी रंगवलेली तबकडी घातलेली ‘जुनी’ घड्याळंही पुष्कळ आहेत. जाणकार त्यांना हात लावत नाहीत.

म्हणून तबकडी पिवळी पडली असली तरी रंगवू नका. बरीच वर्षं बंद असेल तर आतलं तेल सुकलेलं असतं, त्यामुळे लगेच चावी देऊ नका. आधी जाणत्या घड्याळजीकडून साफ करून, तेल घालून घ्या. नंतर रोज साधारण एकाच वेळी चावी द्या, पाणी आणि लोहचुंबकापासून जपा. आणि विकण्यापेक्षा वापरा. काही हजारांत एवढं चांगलं यंत्र पुन्हा मिळणं अवघड आहे.