‘अनकम्फर्टेबल’ : शब्द एक, तक्रारी चार

या आठवड्याचा व्हिडिओ गिऱ्हाईकाशी इंग्रजीत बोलण्यावर होता. त्यातला एक शब्द इथे नीट बघू. काउंटरवर तो रोज ऐकू येतो, आणि चुकीचा समजला तर विक्री जाते. कधी कधी चांगला माणूसही जातो.

आधी शब्दाचं मूळ. ‘कम्फर्ट’च्या पोटात लॅटिन ‘फोर्टिस’ आहे, म्हणजे बळकट. आपल्या फोर्टचं नावही त्याच मुळातलं. तिथली तटबंदी 1860च्या दशकात पाडली, नाव मात्र टिकलं. ‘कम्फर्ट’चा जुना अर्थ बळ देणं, धीर देणं. शरीराचा आराम हा अर्थ नंतर जोडला गेला. म्हणूनच ‘अनकम्फर्टेबल’ शरीरालाही लागतो आणि मनालाही.

1. वस्तू त्रास देते
‘धिस चप्पल इज अनकम्फर्टेबल.’ माझं दादरला चपलांचं दुकान आहे, तिथे हे वाक्य ठरलेलं. मराठीत यालाच कितीतरी शब्द आहेत : चप्पल चावते, पट्टा काचतो, खिळा टोचतो. प्रत्येकाचा इलाज वेगळा. म्हणून लगेच दुसरी जोडी काढू नका. विचारा, “ताई, काचतंय की टोचतंय?” काचत असेल तर मोठा नंबर द्या. टोचत असेल तर माल सदोष आहे, ती जोडी बाजूला ठेवा. नवी कोल्हापुरी चावत असेल तर खरं सांगा : सुरुवातीला थोडा थोडा वेळ घाला, चामड्याला तेल लावा.

2. शरीर अवघडतं
‘आय ॲम अनकम्फर्टेबल इन धिस चेअर.’ इथे ‘मी’ आधी आला, पण तक्रार शरीराचीच. उशी द्या, पंखा लावा, विषय संपला.

3. मनाला संकोच वाटतो
‘आय ॲम नॉट कम्फर्टेबल विथ धिस प्राइस.’ नवा सेल्समन उत्तर देतो, “मॅडम, एकदम कम्फर्टेबल आहे, घालून तर बघा!” अहो, त्या चपलेबद्दल बोलतच नाहीयेत! किंमत जड जातेय, हे त्यांनी सभ्यपणे सांगितलं. लोकांसमोर “बजेट किती?” असं मोठ्याने विचारू नका. गुपचूप कमी किमतीची जोडी समोर ठेवा.

4. असुरक्षित वाटतं
हा अर्थ सगळ्यात महत्त्वाचा. काउंटरवरची मुलगी म्हणते, “सर, त्या माणसासमोर मला अनकम्फर्टेबल वाटतं.” तिला खुर्ची नकोय, पंखा नकोय. ‘भीती वाटते’ म्हणायला जड जातं, म्हणून तिने सोपा इंग्रजी शब्द घेतला. “दुर्लक्ष कर” म्हणू नका. तिला बाजूला बसवून शांतपणे ऐका, त्या गिऱ्हाईकाकडे स्वतः जा. 2013च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी महिलांना लैंगिक छळापासून संरक्षण आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. छोटं दुकान म्हणून मालकाची सुटका नाही.

कुठे वापरू नये?
माल दुपारी गर्दीच्या वेळी आला, तर ती गैरसोय. त्याला ‘इनकन्व्हिनियंट’ म्हणा. ताप आला असेल तर ‘आय ॲम नॉट फीलिंग वेल’ पुरे.

उच्चार : इंग्रजी बोलणारे बरेच जण ‘अनकम्फ्टबल’ असं आटोपतात. आपला ‘अनकम्फर्टेबल’ही समजतो, लाजू नका.

लक्षात ठेवायची युक्ती : ‘इट इज’ आलं की वस्तू बघा. ‘आय ॲम’ किंवा ‘आय फील’ आलं की माणसाकडे बघा, आणि मराठीत एक प्रश्न विचारा, “नक्की काय होतंय?”

होमवर्क : आठवडाभर दुकानात हा शब्द किती वेळा आला ते वहीत लिहा. समोर चारपैकी कुठला अर्थ होता तेही लिहा. चौथा अर्थ एकदाही आला, तर त्या दिवशीचा हिशोब नंतर करा, आधी त्या मुलीशी बोला.