काफिल्याबरोबर आलेला सोबती

[दख्खनच्या माळरानावरील कारवान जातीच्या कुत्र्याची माहिती या पाठात दिली आहे.]

सातारा जिल्ह्यातील कोरेगावहून पूर्वेला निघाले, की हिरवी शेते मागे पडतात. खटाव, माण आणि पुढे सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत हा सारा कमी पावसाचा मुलूख आहे. अशा दख्खनच्या उघड्या माळरानावर वाढलेला कुत्रा म्हणजे कारवान.

मुलांनो, ‘कारवान’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. कारवान म्हणजे काफिला. मध्य आशियातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या व सैनिकांच्या काफिल्यांबरोबर या कुत्र्याचे पूर्वज इकडे आले, असे मानतात. याच्याच एका प्रकाराच्या कानांवर, पायांवर व शेपटीवर मऊ, लांब केस असतात. त्याला ‘पश्मी’ म्हणतात. पश्म म्हणजे मऊ लोकर, हेही तुम्हांला ठाऊक आहे.

कारवानचे तोंड निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले आणि पाय लांब असतात. तो वासापेक्षा नजरेने शिकार शोधतो आणि वाऱ्यासारखा धावतो. पूर्वी लोक त्याला सशाच्या शिकारीला नेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. आता त्याने घराची, शेताची राखण करावी, हेच योग्य. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही.

उत्तर कर्नाटकातील मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली. त्यांनी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव प्रसिद्ध झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले. २०१६ मध्ये मुधोळची काही पिले मेरठला लष्करी शिक्षणासाठी गेली.

कोरियातील जिंदो बेटाच्या कुत्र्याची गोष्टही अशीच आहे. तेथील सरकारने १९६२ साली त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून संरक्षण दिले. १९९३ साली दूरच्या शहरात विकलेली एक जिंदो कुत्री सुमारे ३०० किलोमीटर अंतर तोडून, सात महिन्यांनी जुन्या मालकिणीच्या दारी परतली! अमेरिकेत राहायला गेलेल्या कोरियन लोकांनी हे कुत्रे तिकडेही नेले. पण मोकळ्या बेटावरचा कुत्रा लहानशा घरात दिवसभर कोंडला, तर तो बेचैन होतो. मग काही मालक त्याला सोडून देतात.

आपल्याकडेही असेच घडते. कोणी हौसेने थंड देशातला दाट केसांचा कुत्रा आणतो आणि तो आपल्या उन्हात धापा टाकतो. कोणी कारवान आणून त्याला साखळीने बांधून ठेवतो. माणूस नव्या गावी जातो, तो स्वतःच्या मर्जीने. कुत्रा जातो, तो माणसावर विश्वास ठेवून. म्हणून कुत्रा पाळण्यापूर्वी त्याचा स्वभाव जाणून घ्यावा. त्याला धावायला जागा, वेळेवर अन्नपाणी आणि रेबीजची लस द्यावी. इमानी प्राण्याशी आपणही इमानाने वागावे.

शब्दार्थ
मुलूख – प्रदेश
निमुळते – टोकाकडे बारीक होत गेलेले
जोपासना – काळजीपूर्वक वाढवणे
धापा टाकणे – जोरजोराने श्वास घेणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘पश्मी’ हे नाव कशावरून पडले?
(आ) मालोजीरावांनी कुत्र्यांची जोडी कोणाला भेट दिली?
२. कारवान कुत्र्याला साखळीने बांधून ठेवणे योग्य का नाही? तीन-चार वाक्यांत लिहा.
३. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द लिहा.