खर्ड्यातला खारा संसार

क्लाऊनफिशची जोडी घरातल्या काचेच्या टाकीत अंडी घालते, हे ज्याच्या कानी प्रथमच येते त्याला हा छंद फार सुलभ वाटतो, आणि तसा तो वाटावा यात नवल नाही. कारण जोडी एकदा जमली, पाण्याचे गुणधर्म स्थिर राहिले आणि पोटाला यथास्थित मिळू लागले, की दर दोन-तीन आठवड्यांनी मादी आपली दोन-चारशे नारिंगी अंडी कौलाच्या तुकड्यावर किंवा आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीवर चिकटवून मोकळी होते, आणि त्यासाठी पाळणाऱ्याने काही विशेष पुरुषार्थ गाजवलेला असतो असे मुळीच नाही. संकट उद्भवते ते या सौलभ्यातूनच. अंडी दिसली की माणसाला पिल्ले दिसू लागतात, पिल्ले दिसली की त्यांची किंमत दिसू लागते, आणि मग ज्या गोष्टींची तजवीज महिनाभर आधी व्हावयास हवी होती त्यांची धावपळ वीण फुटण्याच्या रात्री सुरू होते. म्हणून या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांस माझे पहिले सांगणे असे आहे की, प्रत्येक वीण वाढवायची नसते. किंबहुना बहुतेक विणी जाऊ द्यावयाच्या असतात.

मी राहतो ते खर्डे जामखेड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगांच्या परिसरात वसलेले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव ११ मार्च १७९५ रोजी झालेल्या मराठे व निजाम यांच्या लढाईपुरते येते आणि सरकारी दप्तरात ते बहुधा टंचाईच्या याद्यांत येते. सरळ रेषेत मोजले तरी समुद्र येथून अडीचशे किलोमीटरांहून दूर. महसूल खात्यातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तेव्हा शेजारच्या एका तरुणाने, ‘‘काका, पिण्याला टँकर आणि माशाला समुद्र, असं कसं?’’ असा प्रश्न केला होता. तो थट्टेने विचारलेला असला तरी त्याचे प्रामाणिक उत्तर प्रत्येक हौशी माणसाने स्वतःशी दिले पाहिजे, अशी माझी धारणा आहे. ते उत्तर देण्याचा प्रयत्न पुढे येईलच.

प्रथम जोडीविषयी. या माशाचे प्रत्येक पिल्लू जन्मतः अनिश्चित लिंगाचे असते. समूहातील सर्वांत मोठा व प्रबळ मासा मादी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा नर होतो आणि उरलेले लहानांच्या पंक्तीत बसतात. मादी मेली तर नर मादी होतो, परंतु एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. एवढे एकच तत्त्व ध्यानी धरले तर विक्रेत्यांच्या अर्ध्या वाक्चातुर्यातून सुटका होते. ‘अंडी देणारी सिद्ध जोडी’ म्हणून भरपूर दाम घेऊन एका विक्रेत्याने मला जे दोन मोठे मासे दिले त्या दोन्ही माद्या होत्या, आणि दोघींपैकी एकीने दुसरीचे पर फाडून तिला कोपऱ्यात गाठून संपवले. दोन लहान, एकमेकांहून किंचित कमीअधिक आकाराची पिल्ले एकत्र वाढू द्यावीत. वर्ष-दीड वर्षाच्या अवधीत त्यांच्यातील वरिष्ठ-कनिष्ठांचा निवाडा ती आपसांत करतात, आणि त्यात पैसाही वाचतो. समुद्रफुलावाचून (सी ॲनिमोनवाचून) अंडी होत नाहीत हाही असाच एक प्रवाद आहे. समुद्रफूल टाकीत जगवणे हे मासा जगवण्याहून कितीतरी कठीण. मातीची कुंडी त्या जागी पूर्णतः चालते. प्रवाळाच्या वाटेला तर जाऊच नये, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या समुद्रातील प्रवाळाला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिलेले आहे आणि बाजारात ‘सजावटीसाठी’ म्हणून मिळणारा तुकडा कोठून आला याचा दाखला कोणी देत नसतो.

आता पाणी. विंधन विहिरीच्या पाण्यात मीठ मिसळून समुद्र होत नाही, कारण आमच्याकडच्या खडकातून येणाऱ्या पाण्यात क्षार आधीच भरपूर, आणि शेतांतल्या खतांचे नायट्रेटही त्यात उतरलेले असते. म्हणून प्रथम आरओ यंत्रातून पाणी शुद्ध करावे लागते आणि मग दर लिटरामागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात कृत्रिम सागरी मीठ विरघळवावे लागते. दप्तरी सवयीने मी याचा जमाखर्च मांडला. दोनशे लिटरांच्या टाकीत सात किलो मीठ बसते. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले तर आठवड्यास सातशे ग्रॅम, म्हणजे वर्षास छत्तीस किलोंहून अधिक मीठ घरातून बाहेर पडणार. ते कोठे टाकायचे? परसात टाकले तर जास्वंद जळते, मोरीतून सोडले तर ओढ्याला आणि पुढे कोणाच्या तरी विहिरीला मिळते. मी ते पाणी उन्हात पसरट हौदात आटवतो आणि उरलेला क्षार गोळा करून ठेवतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण शेजाऱ्याच्या त्या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग त्यात आहे. उरलेला अर्धा भाग आरओ यंत्राच्या टाकाऊ नळीत आहे, कारण घरगुती यंत्र एक घागर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन घागरी फेकून देते. ते पाणी फरशी पुसण्याला, भांडी विसळण्याला आणि संडासाच्या टाकीला वापरले जाते की नाही, याचा बंदोबस्त होईपर्यंत टँकरच्या गावात या छंदाला हात घालू नये. टाकी मोठी करण्याचा मोहही याच कारणाने आवरावा.

पाणी भरले की मासे सोडण्याची घाई होते. माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया निघतो, एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि ही दुहेरी वस्ती टाकीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. सागरी पाण्याचा सामू आठाच्या वर असल्यामुळे अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा येथे अधिक घातक ठरतो. या मुदतीत टाकी रिकामी दिसते, घरचे विचारतात, पाहुणे हसतात, हसू द्यावे.

उन्हाळ्याचा आणि विजेचा विषय आमच्या भागात वेगळा काढता येत नाही. वैशाखात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि घरातले पाणीही तिशीच्या वर जाते, तर क्लाऊनफिशला २६ ते २८ अंश मानवतात. वातानुकूलन वा शीतयंत्र न परवडणाऱ्यास एक सोय मात्र निसर्गाने दिली आहे: आमची हवा कोरडी असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा लावला तरी बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते, आणि ही सवलत दमट मुंबईतल्या हौशी माणसाला एवढी मिळत नाही. तिची किंमत अशी की, पाणी झपाट्याने आटते. आटते ते केवळ पाणी. मीठ मागे राहते आणि खारेपणा चढत जातो. म्हणून काचेवर एक रेघ ओढून ठेवावी आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत शुद्ध, बिनमिठाचे पाणी घालावे. खारे पाणी घालून पातळी राखणारा मनुष्य महिनाभरात मासे लोणच्यात घालतो. वीज गेली की पंखाही जातो आणि पंपही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे, आणि गाळणी म्हणून बंद डब्याचे महागडे यंत्र न घेता स्पंजची साधी गाळणी घ्यावी. बंद डब्यात काही तास पाणी कोंडून राहिले की त्यातले जीवाणू मरतात, आणि वीज येताच ते कुजके पाणी एकदम टाकीत फेकले जाते. असा डबा ज्याच्याकडे असेल त्याने दीर्घ भारनियमनानंतर तो आतून रिकामा केल्यावाचून सुरू करू नये. शेतीपंपांच्या पाळ्या रात्रीच्या ठरतात तेव्हा शेतकरी जागा राहतो. क्लाऊनफिश वाढवणारा मनुष्य त्याच्याबरोबर जागा राहतो, फरक इतकाच की शेतकऱ्याला निदान जागण्याचे कारण सांगता येते.

हे सर्व निभावले तरी ते मासे पाळणे झाले. पैदास यापुढे सुरू होते. अंड्यांची निगा नर राखतो. तो परांनी त्यांवर पाणी वाहते ठेवतो, तोंडाने ती साफ करतो, बुरशी आलेली खाऊन टाकतो, आणि नवखी जोडी तर पहिल्या काही विणी संपूर्णच खाऊन टाकते, त्याबद्दल खंत करू नये. नारिंगी अंडी हळूहळू काळवंडतात, मग त्यांत रुपेरी डोळे चमकू लागतात, आणि २७-२८ अंशांच्या पाण्यात सातव्या-आठव्या दिवशी, दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत ती फुटतात. पिल्लू तीन-चार मिलिमीटरांचे, पारदर्शक, आणि प्रकाशाकडे धावणारे. बॅटरीचा झोत पाण्यावर धरला की ती गोळा होतात आणि वाटीने अलगद वेगळ्या टाकीत उतरवता येतात; जाळीने उचलली तर मरतात.

त्यांच्या तोंडात मावेल असे अन्न म्हणजे रोटिफर नावाचा सूक्ष्म जीव, लांबीने मिलिमीटरच्या दशांशापासून तृतीयांशापर्यंत. हे अन्न पुडीत मिळत नाही, ते जिवंतच द्यावे लागते, आणि पिल्लांच्या पाण्यात दर मिलिलिटरला दहाच्या आसपास रोटिफर सतत असावे लागतात. वीस लिटरांची छोटीशी टाकी धरली तर कोणत्याही क्षणी दोन लाख रोटिफर त्यात असले पाहिजेत, आणि पिल्ले ते खात असल्यामुळे दिवसातून दोन-तीनदा भर घालावी लागते. रोटिफरांना पोसण्यासाठी नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवे सूक्ष्म शेवाळ लागते, आणि ते घरी वाढवायचे तर त्यालाही प्रकाश, खत, हवा व स्वच्छता लागते. थोडक्यात, मासा हा या कारखान्यातला शेवटचा आणि सर्वांत सोपा खातेदार आहे. खरे काम शेवाळाचे आणि रोटिफरांचे आहे. रोटिफरांची बरणी काल रात्री दुधाळ व गजबजलेली दिसावी आणि आज पहाटे त्यात एकही जीव नसावा, हा अनुभव या छंदातल्या प्रत्येकास येतो. कधी उष्म्याने, कधी दुसरे प्रजीव शिरल्याने, कधी अतिअन्नाने. म्हणून दोन बरण्या दोन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवाव्यात, एकीचे चमचे दुसरीत घालू नयेत, आणि दोन्ही बरण्या सलग पंधरवडाभर भरल्या राहिल्याचे नोंदवहीत दिसल्याशिवाय एकही वीण उचलू नये. पंधरवड्याची ही अट मी घालतो; कोणी आठवड्याची घालील. अट असावी हे मुख्य.

रोटिफर भरपूर आहेत पण उपाशी आहेत, असेही होते. शेवाळातून मिळणारी विशिष्ट मेदाम्ले त्यांच्यात नसली तर पिल्ले पोट भरूनही आतून दुर्बळ राहतात आणि सहाव्या-सातव्या दिवशी एकाएकी दिवा लागला तर भीतीनेच गळून पडतात. रोटिफर पिल्लांना देण्यापूर्वी काही तास दाट शेवाळात ठेवावेत आणि खोलीत उजेड हळूहळू वाढवावा, यापलीकडे त्यावर उपाय नाही. आठवडाभराने आर्टेमिया या बारीक खाऱ्या कोळंबीच्या नुकत्याच फुटलेल्या पिल्लांची भर सुरू करता येते, पण रोटिफर लगेच बंद करू नयेत. दहाव्या ते पंधराव्या दिवसांत डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि पिल्लू तळाशी, काचेला धरून राहू लागते. तेथवर जी पोहोचली ती बहुतांशी तरली म्हणावयास हरकत नाही.

हे सारे ज्यांनी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केले त्यांची परिस्थिती आपल्याहून निराळी होती, हे विसरून चालत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७०च्या दशकात या माशाची पैदास यशस्वी केली ती समुद्रकिनारी. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम व विझिंजम येथे अनेक जातींची पिल्ले वाढवली तीही किनाऱ्यावरच. आणि ऐरोलीस कांदळवन प्रतिष्ठानाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जे उबवणी केंद्र उभे राहिले त्याच्या उशाशी ठाण्याची खाडी आहे, शिवाय लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे तांत्रिक साहाय्य आहे. अशा केंद्रात पाहुण्यास पट्टे उमटलेली गोजिरी पिल्ले दिसतात. हिरव्या बरण्यांची खोली तो ओलांडून जातो. माझी विनंती अशी की, जाणाऱ्याने पिल्लांपुढे पाच मिनिटे उभे राहावे आणि त्या खोलीत तासभर.

फाल्गुन संपता संपता मी पैदास बंद करतो. दिव्याचे तास कमी केले, अन्न हात राखून दिले की जोडीही अंडी घालण्याचे लांबवते. तरी घातलीच तर ती टाकीतच फुटू देतो आणि पिल्ले मोठ्या माशांच्या पोटात जातात, जशी ती समुद्रातही बहुतांशी कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातच असतात. हे वाचून काहींना क्रौर्य वाटेल. रोटिफरांची बरणी मेलेली असताना चारशे पिल्ले उचलून तीन दिवस उपाशी ठेवून मारणे मला त्याहून क्रूर वाटते. आर्द्रा लागल्यावर, हवा निवल्यावर आणि विजेची शाश्वती थोडी वाढल्यावर पुन्हा आरंभ करावा.

वाढलेल्या पिल्लांचे पुढे काय, हा प्रश्न आधी सोडवलेला असावा. खर्ड्यात वा जामखेडात खाऱ्या पाण्याच्या टाक्या नाहीत; पिल्ले पुण्यासच न्यावी लागतात, आणि तीही तीन-चार महिन्यांची, इंचभराची झाल्यावर. जाण्याच्या आदल्या दिवशी अन्न बंद, पिशवीत एक हिस्सा पाणी व दोन हिस्से प्राणवायू, पिशव्या थर्माकोलच्या पेटीत, आणि प्रवास रात्रीच्या एसटीने. पट्टे अर्धवट उमटलेली किंवा कल्ल्यांचे झाकण आखूड राहिलेली पिल्ले मी विकत नाही. अलीकडे अशा वैगुण्यालाच दुर्मीळ नमुना म्हणून चढा भाव मिळतो, आणि त्यामुळे ती मुद्दाम निपजवण्याचीही प्रथा पडली आहे. घेणाऱ्याला मी टाकी कधी भरली एवढेच विचारतो. गेल्याच आठवड्यात भरली असे उत्तर आले तर त्याला महिन्याने या म्हणून सांगतो आणि पेटी परत आणतो.