दोन कार्ब्युरेटर, अठरा इंची टायर आणि तुमचा खिसा

डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ड्रीम क्रूझ भरते. तिथे एखादा जुना शेवरोले पिकअप हटकून दिसतो. त्याचं बॉनेट कापून दोन कार्ब्युरेटर वर आलेले असतात आणि हौद्याखाली हातभर रुंद टायर गडप झालेले असतात. अमेरिकेत या घडणीला ‘प्रो स्ट्रीट’ म्हणतात. मिशिगन, ओहायो, टेक्ससमधल्या मराठी घरांत दोन गाड्यांचं गॅरेज असतं, थोडी शिल्लक असते आणि पुण्या-कोल्हापुरात येझदीचा नाहीतर आरएक्स हंड्रेडचा कार्ब्युरेटर स्वतः खोलल्याचा आत्मविश्वासही असतो. तेव्हा असा ट्रक बांधायला किती लागतील, हा प्रश्न आज ना उद्या पडतोच.

सरळ उत्तर असं, की ट्रकची किंमत, बाहेरची मजुरी आणि रंग धरून ४५ ते ९० हजार डॉलर. या लेखातले आकडे सध्याच्या बाजाराचे ढोबळ अंदाज आहेत. विक्रीकर आणि पार्सलचा खर्च वेगळा. यात दोन कार्ब्युरेटर, त्यांचं मॅनिफोल्ड, लिंकेज आणि पेट्रोलची लाइन मिळून दोन-तीन हजारांच्या आत येतात. म्हणजे ज्याच्याकडे बघून लोक थांबतात, त्यावर शंभरातले जेमतेम तीन-चार डॉलर जातात. खरा पैसा मागच्या चाकांभोवती मुरतो. नवखे मात्र पहिली खरेदी कार्ब्युरेटरची करतात.

हे असं का, ते या प्रकाराच्या जन्मात आहे. एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेनं १९७० मध्ये ‘प्रो स्टॉक’ गट सुरू केला. त्या शर्यतीच्या गाड्यांसारखी दिसणारी, पण नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालणारी गाडी हवी, या हौसेतून प्रो स्ट्रीट वाढलं आणि ऐंशीच्या दशकात भरात आलं. ओहायोतल्या डेटनचे स्कॉट सुलिव्हन, तसंच रिक डॉबर्टिन ही त्यातली मोठी नावं. डॉबर्टिन यांनी १९८६ मध्ये आणलेल्या पाँटियाक जे-२००० मध्ये सुपरचार्जर, टर्बो आणि नायट्रस हे सगळं एकाच इंजिनावर होतं. तिथून पुढे पुष्कळ गाड्या ट्रेलरवरून प्रदर्शनाला आणि प्रदर्शनातून ट्रेलरवर, एवढाच प्रवास करू लागल्या. तुम्हाला ट्रक चालवायचा आहे की दाखवायचा, हे आधी ठरवा. पुढचे आकडे चालवणाऱ्यासाठी आहेत.

ट्रक निवडताना १९७३ ते १९८७ या काळातला शेवरोले सी-१० बघावा. गंज नसलेला, चालू अवस्थेतला आठ ते पंधरा हजारांत मिळतो. आखूड हौद्याचा महाग, लांब हौद्याचा स्वस्त. १९६७ ते १९७२ची पिढी दिसायला देखणी आहे, पण तिचे भाव चढलेले आहेत आणि तिची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते. नंतरच्या पिढीत टाकी चासीच्या बाहेरच्या बाजूला गेली. बाजूनं धडक बसली तर तीही जागा वाईटच. त्यामुळे दोन्हींत टाकी मागे, चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये हलवण्यासाठी चारशे ते नऊशे डॉलर बाजूला ठेवा. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची अट आहे. तिथे १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी नाही, १९७६ पासूनच्या गाड्यांना आहे. दोन कार्ब्युरेटर लावलेला १९८४चा ट्रक त्या चाचणीतून जाण्याची आशा सोडा. एस-१० हा छोटा पिकअप स्वस्त पडतो, पण तो १९८२ पासूनचा, त्यामुळे कॅलिफोर्नियापुरता तो बादच.

आता मागची बाजू. सगळी मापं टायरपासून सुरू होतात. आधी टायर ठरतो, त्यावरून रिम, रिमवरून ॲक्सलची लांबी आणि ॲक्सलवरून चासी किती आत घ्यायची ते. ३१ इंच उंच आणि १८.५ इंच रुंद, रस्त्यासाठी मान्यता असलेली टायरची जोडी हजार ते तेराशे डॉलरला पडते. त्यांना लागणारे १५ इंच व्यासाचे, चौदा-पंधरा इंच रुंद रिम आठशे ते चौदाशेला. पुढची जोडी धरून चाकांचा हिशेब अडीच ते चार हजारांवर जातो. इतके रुंद टायर मूळ चासीच्या बाहेर मावत नाहीत, म्हणून चासी मागच्या भागात कापून दोन बाय तीन इंची आयताकृती पाइपची नवी, आत सरकवलेली चासी जोडावी लागते. पाटे काढून त्यांच्या जागी फोर-लिंक आणि कॉइल-ओव्हर शॉक येतात. लॅडर बार स्वस्त असतो, पण रोजच्या खडबडीत रस्त्यावर ट्रक एका अंगाला कलला की तो अडखळतो. मी फोर-लिंकच घेईन. या सामानाचे अडीच ते साडेचार हजार. फोर्डचा नऊ इंची डिफरन्शियल, बेतून अरुंद केलेला, नव्या ॲक्सल शाफ्टसकट आणखी साडेतीन ते साडेपाच हजार.

मजुरीचा आकडा छातीत धडकी भरवतो. चासीचं काम साठ ते शंभर तासांचं, आणि चांगल्या फॅब्रिकेटरचा दर तासाला ९० ते १५० डॉलर. म्हणजे ५,४०० पासून १५,००० पर्यंत. इथे एक दिलासा आहे, जो मोटारीत मिळत नाही. मोटारीत रुंद टायरांसाठी मागची सीट आणि डिकीचा तळ कापावा लागतो. पिकअपचा हौदा बोल्ट काढले की उचलून बाजूला ठेवता येतो, चासी मोकळी होते आणि पत्र्याचं काम हौद्यापुरतं राहतं. वेल्डिंग येत असेल तर हौद्यातले चाकांचे कोनाडे घरी करा. चासीचं वेल्डिंग मात्र स्वतः शिकता शिकता करण्याची गोष्ट नाही. रोल केजसाठी बसवण्यासकट दीड ते साडेतीन हजार धरा. डोक्याजवळ येणाऱ्या पाइपला पॅडिंग हवंच, कारण रस्त्यावर तुम्ही हेल्मेट घालून बसणार नाही.

इंजिनाबद्दल फार घोळ घालू नये. ३८३ घनइंचाचं स्मॉल ब्लॉक शेवरोले, तयार बांधलेलं, सहा ते नऊ हजारांत येतं. ९.५:१ च्या आसपासचं कॉम्प्रेशन ठेवा, म्हणजे पंपावरचं नेहमीचं पेट्रोल सोसतं. ४५४ चं बिग ब्लॉक हवं असेल तर खर्च वाढतो आणि पुढचा भाग जड होतो.

आता कार्ब्युरेटर. इंजिनाला हवा किती लागते हे कागदावर काढता येतं. घनइंचांना फेऱ्यांनी गुणा, ३,४५६ नं भागा. ३८३ चं इंजिन सहा हजार फेऱ्यांवर ६६५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा मागतं, आणि प्रत्यक्षात ते शंभर टक्के भरत नाही, म्हणून त्याहूनही कमी. हिशेबानं ६५०-७५० चा एकच कार्ब्युरेटर पुरतो. म्हणजे दुसरा रूपासाठी आहे, हे मोकळेपणानं मान्य करा. तो मोठा घेऊन मात्र इंजिनाचं नुकसान करू नका. ४५० किंवा ५०० सीएफएमचे दोन घ्या. ७५० चे दोन लावले की कमी फेऱ्यांवर हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फुटत नाही आणि सिग्नलवर ट्रक खोकत राहतो.

मॅनिफोल्ड दोन प्रकारचं. टनेल रॅम उंच असतं, लांब सरळ नळ्यांचं, आणि जास्त फेऱ्यांवर फुलतं. बॉनेटमधून वर येणारा तो रुबाब याचाच. दुसरं बुटकं, कार्ब्युरेटर पुढे-मागे ओळीत ठेवणारं. १९६६ च्या क्रायस्लर स्ट्रीट हेमीवर कारखान्यातूनच असे दोन कार्ब्युरेटर येत. कोणतंही चारशे ते सहाशेला मिळतं, कार्ब्युरेटर प्रत्येकी चारशे-पाचशेला. बुटक्यात लिंकेज टप्प्याटप्प्याचं लावतात. मागचा कार्ब्युरेटर आधी उघडतो, पाय खाली गेला की पुढचा सामील होतो, त्यामुळे शहरात ट्रक शहाण्यासारखा चालतो. टनेल रॅमवर एक कार्ब्युरेटर एकटा चालवला तर टोकाचे सिलिंडर उपाशी राहतात, म्हणून दोन्ही बरोबरच उघडावे लागतात. याचा परिणाम पेट्रोलच्या बिलात दिसतो. गॅलनला ८-१० मैल, म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलोमीटर मिळाले तर कुरकुर करू नका. थंडीत या लांब गार नळ्यांच्या भिंतींवर पेट्रोल साचतं आणि इंजिन तापेपर्यंत अडखळतं. आठवड्यातून दोनदा चालवायचा असेल तर माझं मत बुटक्याच्या बाजूनं.

दोन्ही कार्ब्युरेटरचं आयडलिंग जुळवणं म्हणजे दोन तानपुरे एका सुरात लावणं; एकाची खुंटी फिरवली की दुसऱ्याकडे परत जावं लागतं. हवेचा प्रवाह मोजणारं पन्नासेक डॉलरचं उपकरण आणि दोनशे डॉलरचा ऑक्सिजन सेन्सरवाला मीटर, दोन्ही घ्या. होलीचे कार्ब्युरेटर असतील तर आयडलिंगचं व्हॅक्यूम मोजून त्याच्या साधारण निम्म्या आकड्याचा पॉवर व्हॉल्व्ह बसवा. मोठ्या कॅमशाफ्टमुळे व्हॅक्यूम आधीच कमी असतं, मूळचा ६.५ चा तसाच ठेवला तर तो आयडलिंगलाच उघडतो आणि प्लग काळे पडतात. पेट्रोलचा दाब होलीला पाच ते सात पीएसआय, एडलब्रॉकला साडेपाचच्या पुढे नको. रेग्युलेटर, पंप, लाइन आणि लिंकेजचे पाचशे ते नऊशे, वरच्या एअर स्कूपचे दीडशे ते साडेतीनशे. स्कूपमध्ये फिल्टर असावा. उघड्या तोंडानं फिरणं प्रदर्शनापुरतं ठीक. शेवरोलेचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो, म्हणजे मागचा कार्ब्युरेटर गळला तर पेट्रोल नेमकं ठिणगीच्या शेजारी जातं. केबिनमध्ये अग्निशामक ठेवा.

कमी व्हॅक्यूमचा फटका ब्रेकलाही बसतो, आणि हे विक्रेते सांगत नाहीत. ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवरच चालतो. विजेवरचा व्हॅक्यूम पंप अडीचशे-चारशे डॉलरला मिळतो. तो, चारही चाकांचे ब्रेक, रेडिएटर, वायरिंग आणि सायलेन्सर मिळून तीन ते साडेपाच हजार.

गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर, ऑइल कूलर आणि प्रोपेलर शाफ्टचे तीन ते पावणेपाच हजार. ४.१० चा डिफरन्शियल आणि ३१ इंची टायर असेल तर ताशी ६५ मैलांवर इंजिन सुमारे २,९०० फेऱ्या घेतं. तीन हजार फेऱ्यांवर पकड घेणारा कन्व्हर्टर असेल तर तो हायवेभर थोडा घसरत राहतो आणि तेल तापतं. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स घेतला की फेऱ्या दोन हजारांवर येतात, पण मग लॉक होणारा कन्व्हर्टर घ्यावाच लागतो. लांब जायचं असेल तर इथे हात आखडू नका.

रंग आठ ते वीस हजार. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आरशासारखा काळा रंग हवा असेल तर वरचा आकडा धरा.

एवढा हिशेब झाल्यावर तयार ट्रक विकत घेण्याचा विचार करा. दुसऱ्यानं बांधलेले प्रो स्ट्रीट पिकअप साधारण २५ ते ४५ हजारांत विकायला येतात. बांधणाऱ्याचा खर्च क्वचितच वसूल होतो. अर्धवट सोडलेले ट्रक त्याहून स्वस्त, पण दुसऱ्याच्या मापानं कापलेली चासी तुमच्या टायरला बसेलच असं नाही. विम्यासाठी हौशी गाड्यांची, किंमत आधी ठरवणारी पॉलिसी घ्या. तिच्यात रोज ऑफिसला नेण्याची मुभा सहसा नसते. आणि हा ट्रक कधी भारतात नेऊ, असं मनात असेल तर तो विचार सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला उत्पादकाच्या मूळ तपशिलांत असे फेरफार चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं.

तयार ट्रक बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला आधीच सांगा, की इंजिन गार ठेवा, मी आल्यावर सुरू करू. आधीच तापवून ठेवलं असेल तर कार्ब्युरेटरच्या जुळणीबद्दल त्याच्या बोलण्यावर विसंबू नका. मग खाली झोपून नवी चासी जुन्याला जिथे जोडली आहे तिथलं वेल्डिंग बघा. तिथे जाड रंग किंवा पुट्टी दिसली तर किंमत विचारायचीही गरज नाही. टायरच्या बाजूवर छापलेले शेवटचे चार आकडे कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तो बनला ते सांगतात. नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षं जुना असेल तर नव्या जोडीचे हजार-तेराशे किमतीतून वजा करायला सांगा. पाऊस असेल तर चाचणीची फेरी दुसऱ्या दिवशीवर ढकला. रिकाम्या हौद्याखालचे अठरा इंची टायर ओल्या रस्त्यावर पाण्यावर तरंगायला वेळ लावत नाहीत.